वाघाला शेजार हवा!

मित्रांनो, आपल्या एका वाचक दोस्ताने एक प्रश्न विचारलाय. तो म्हणतो, "ताडोबातल्या दोन वाघिणी उचलून थेट ओडिशाला कशाला नेल्या? तिकडे काय वाघ नाहीत?"

प्रश्न झकास आहे. कारण गंमत अशी, की तिकडे वाघ आहेत! ओडिशाच्या सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पात २०२३-२४ च्या गणनेत २७ मोठे वाघ मोजले गेले. तरीही २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमुना आणि झीनत या दोन तरुण वाघिणींना ताडोबातून तिथे नेण्यात आलं. ताडोबा ते सिमलीपाल हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी सातशे किलोमीटरांहून जास्त भरतं. एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर वाघांच्या संख्येत नाही, त्यांच्या नात्यागोत्यात आहे. ते कसं, ते आज पाहू.

मोजायचं कसं?

आधी मोजणीची गोष्ट. वाघ काही शाळेतल्या मुलांसारखे हजेरीला "हजर सर!" म्हणत नाहीत. १९६६ मध्ये सरोज राज चौधरी या वनअधिकाऱ्यांनी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत काढली. पुढे सिमलीपालचे पहिले संचालकही तेच झाले. काचेवर ठसा गिरवून घ्यायचा आणि तो कोणत्या वाघाचा ते ठरवायचं, अशी ती पद्धत. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात एक उमटतो आणि धुळीत दुसराच! २००५ मध्ये तर उघड झालं, की राजस्थानच्या सरिस्कात कागदावर वाघ होते, जंगलात मात्र एकही उरला नव्हता. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

आता काम करतात कॅमेरा ट्रॅप. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. समोरून प्राणी गेला, की फोटो आपोआप निघतो. दोन कशाला? तर वाघाच्या अंगावरचे डाव्या बाजूचे पट्टे उजव्या बाजूसारखे नसतात. आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे कधीच नसतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखंच आहे ते.

"पण जो वाघ कॅमेऱ्यासमोर आलाच नाही, त्याचं काय?" अस्सं! त्यालाही युक्ती आहे. बरणीत खूप गोट्या आहेत असं समजा. २० काढा, त्यांवर खूण करा, परत टाका, बरणी छान हलवा. पुन्हा २० काढा. त्यांत खुणेच्या ५ निघाल्या, म्हणजे चारांत एक. मग खुणेच्या २० गोट्या म्हणजे सगळ्या गोट्यांचा चौथा हिस्सा. एकूण गोट्या झाल्या साधारण ८०. वाघांच्या बाबतीत गणित याहून किचकट असतं, पण कल्पना हीच. अशा मोजणीनुसार २००६ मध्ये भारतात १,४११ वाघ होते, २०२२ मध्ये ३,६८२. त्यांतले ४४४ महाराष्ट्रात.

आकडा वाढला, म्हणजे सगळं छान झालं ना? थांबा. फोटो सांगतो, वाघ आहे. तो कोणाचा कोण, हे फोटो सांगत नाही.

विष्ठेतली चिठ्ठी

ते सांगते वाघाची विष्ठा! नाकं मुरडू नका. शास्त्रज्ञ हातमोजे घालून जंगलवाटांवर ती शोधत हिंडतात. विष्ठा आतड्यातून बाहेर येताना आतड्याच्या अस्तराच्या काही पेशी तिला चिकटून येतात आणि त्या पेशींत त्या वाघाचा डीएनए असतो. वरचा थर खरवडून कुपीत घालायचा आणि तपासायला प्रयोगशाळेत न्यायचा. हैदराबाद, बंगळुरू, डेहराडून इथल्या संस्थांत असं काम चालतं. वाघाला बेशुद्ध करायला नको, पकडायला नको, त्याला पत्ताही लागत नाही.

या डीएनएवरून कळतं की हा नर की मादी, आणि कोणत्या वाघाचं कोणाशी जवळचं नातं आहे. दोन जंगलांतल्या वाघांचे डीएनए पुष्कळसे मिळतेजुळते निघाले, तर त्या जंगलांत वाघांचं येणंजाणं आहे किंवा नुकतं-नुकतं होतं. मेळघाट, सातपुडा, पेंच आणि कान्हा इथल्या वाघांचा असा अभ्यास झाला आहे. जिथे दोन जंगलांना जोडणारी झाडीची वाट शिल्लक आहे, तिथे नाती टिकतात. वाट तुटली, की वाघ एकमेकांना परके होऊ लागतात.

होईनात परके! बिघडलं कुठे? त्यासाठी एक प्रयोग करा.

करून पाहा : वाटीतलं रान

आईकडून मूग, चवळी, हरभरा, वाटाणा आणि राजमा यांचे थोडे-थोडे दाणे मागून घ्या. एका वाटीत प्रत्येकाचे दोन-दोन दाणे टाका. झाले दहा. ही वाटी म्हणजे एक लहान जंगल आणि दाणे म्हणजे जनुकांचे वेगवेगळे प्रकार.

आता दुसऱ्या कोणाला तरी डोळे मिटून एक दाणा काढायला सांगा. (चाचपून ओळखायचं नाही हं!) कोणता निघाला ते वहीत लिहा आणि दाणा परत वाटीत टाका. असं दहा वेळा करा. वहीत जी दहा नावं आली, ती झाली पुढची पिढी. वाटीतले दाणे त्याप्रमाणे बदला. मूग चार वेळा आला, तर चार मूग. चवळी आलीच नाही, तर चवळी बाद. पुन्हा हाच खेळ. अशा सहा-सात पिढ्या होऊ द्या.

काय दिसेल? एखाद-दोन धान्यं, कदाचित तीनही, कायमची गायब! कोणी मुद्दाम काढली नाहीत. चवळी वाईट आणि मूग चांगला असंही नाही. वाटी लहान, म्हणून नशिबाने गेली. आणि एकदा गेलेली चवळी त्या वाटीत आपणहून कधीच परत येत नाही.

आता दोन वाट्या मांडून तोच खेळ खेळा. फक्त दर पिढीला दोन्ही वाट्यांतला एक-एक दाणा अदलाबदल करा. धान्यं जास्त वेळ टिकतात, आणि एकीत हरवलेली चवळी कधीकधी दुसरीतून परत येते. फक्त एक दाणा, बरं का! वाघांचंही तसंच आहे. सगळ्यांनी ऊठसूट प्रवास करायला नको. अधूनमधून एखादा पोचला, तिथे त्याला जोडीदार मिळाला, बछडी झाली, तरी पुष्कळ.

काळ्या पट्ट्यांची गोष्ट

आता चला सिमलीपालला. तिथे जगावेगळे वाघ आहेत. त्यांचे काळे पट्टे इतके रुंद असतात, की एकमेकांत मिसळून वाघ काळाच वाटतो. २०२३-२४ च्या गणनेत तिथल्या २७ मोठ्या वाघांपैकी १३ असे निघाले. जंगलात असे वाघ दुसरीकडे कुठे नाहीत.

हे का, याचा शोध बंगळुरूच्या डॉ. उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं, की एका जनुकात डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बाबांकडून. बदललेली प्रत एकच असेल, तर वाघ नेहमीसारखा दिसतो. दोन्ही असतील, तरच काळा होतो. म्हणजे आई आणि बाबा, दोघांकडेही तीच दुर्मिळ प्रत हवी. मोठ्या, मिसळलेल्या समाजात असं क्वचितच घडेल. पण सिमलीपालच्या वाघांना बाहेरचा शेजारच उरला नाही. आजूबाजूच्या जंगलांतून वाघ येईनासे झाले. उरले ते एकमेकांचे भाऊबंद. ही झाली आपली एकटी वाटी!

काळा रंग हा आजार नव्हे. तो एक इशारा आहे. ज्या वाटेने काळा रंग दोन्हीकडून आला, त्याच वाटेने उद्या एखादा खराखुरा दोषही येऊ शकतो.

असं घडलेलं आहे, अमेरिकेतल्या फ्लोरिडात. तिथे प्यूमा नावाचं मोठं मांजर राहतं. त्याला फ्लोरिडा पँथर म्हणतात. १९९० च्या सुमारास ते जेमतेम २०-३० उरले होते. कोणाच्या शेपटीला मुरड, कोणाच्या हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ प्यूमा माद्या आणून तिथे सोडल्या. त्यांपैकी पाचांना पिल्लं झाली, ती धडधाकट निघाली आणि संख्या पुन्हा वाढू लागली. २०१७ च्या अंदाजात ती १२० ते २३० वर गेली होती.

आता कळलं, जमुना आणि झीनत कशाला गेल्या? सिमलीपालच्या वाटीत हरवलेली चवळी परत टाकायला!

पायी जाणारे

पण झीनतने सगळ्यांची भंबेरी उडवली. डिसेंबर २०२४ मध्ये ती सिमलीपालमधून निघाली ती झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालमध्ये. २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडलं आणि परत आणलं. तीन राज्यांचे वनकर्मचारी तिच्या मागावर होते.

वाघाची जातच हिंडणारी. तरुण वाघ आईला सोडून स्वतःचं राज्य शोधायला निघतोच. टिपेश्वर अभयारण्यातला एक नर २०१९ च्या जूनमध्ये असाच निघाला. कागदावर त्याचं नाव टी१-सी१. लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. यवतमाळपासून तेलंगण आणि मराठवाडा पार करत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटरांहून जास्त चालला! हे त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे कळलं.

ज्ञानगंगेत त्याला शिकार होती, पाणी होतं. वाघीण मात्र एकही नव्हती. म्हणजे पाय पोचले, जनुकं नाही पोचली. नुसता रस्ता असून भागत नाही. रस्त्याच्या टोकाला शेजारही हवा.

महामार्गाखालची वाट

आणि रस्ता तरी कुठे सोपा आहे? नागपूरहून उत्तरेला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ (जुना क्रमांक ७) पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करायचा ठरला तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी महाराष्ट्रातल्या भागात प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली. सर्वांत मोठी वाट ७५० मीटर रुंद आहे. वरून ट्रक, खालून वाघ!

प्राणी खरंच तिथून जातात का? तिथेही कॅमेरे लावले. २०१९ च्या मार्च ते डिसेंबर या काळात १८ जातींच्या वन्यप्राण्यांचे ५,४५० फोटो मिळाले. त्यांत वाघ ८९ वेळा होता. चितळ, रानडुक्कर, रानकुत्रेसुद्धा. म्हणजे वाट ठेवली, तर प्राणी ती वापरतात.

आता एक अवघड गोष्ट. या वाटा नकाशावर हिरव्या रेघांसारख्या दिसतात, पण तिथे गावं आहेत, शेतं आहेत. त्याच झाडीत पहाटे कोणाची तरी आई मोहफुलं वेचायला जाते, कोणी गुरं घेऊन जातं. विदर्भात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात, हेही खरं आहे. म्हणून "वाघ वाचवा" म्हणणं शहरात बसून सोपं आहे. गाय मारली गेली तर भरपाई लवकर मिळणं, वाघ जवळ आहे ही खबर गावाला वेळेवर कळणं, हेही वाट राखण्यातलंच काम आहे. ते झालं नाही, तर गावकरी त्या वाटेला हो का म्हणतील?

तेव्हा आपल्या दोस्ताच्या प्रश्नाचं उत्तर असं, की वाघिणी गाडीतून न्याव्या लागल्या, कारण पायवाट उरली नव्हती. गाडीने दोन वाघिणी नेता येतात. दर पिढीला, दर जंगलासाठी गाडी काढता येत नाही. जिथे वाट अजून शिल्लक आहे तिथे ती राखणं, हेच खरं काम.

तुमच्यासाठी काम : आपल्या जिल्ह्याचा नकाशा घ्या. जंगलं हिरवी रंगवा. मग महामार्ग, रेल्वे, कालवे आणि खाणी काळ्या शाईने काढा. एका हिरव्या तुकड्यातून दुसऱ्यात जायला वाघाला किती काळ्या रेघा ओलांडाव्या लागतील, ते मोजा. वाटीच्या खेळात कितव्या पिढीला कोणतं धान्य गेलं, तेही लिहा आणि दोन्ही आम्हाला पाठवा. आणि हो, खेळ झाल्यावर दाणे आईला परत द्या. उसळ झकास होते!