अंदाजपत्रक : त्यांचे आणि आपले

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी मी गाडी नेहमीच्या देखभालीसाठी अधिकृत कार्यशाळेत दिली होती. दुपारी रुग्ण तपासत असताना तेथून दूरध्वनी आला : "डॉक्टर साहब, टाइमिंग बेल्ट बदलना पड़ेगा. साढ़े चौबीस हज़ार के आसपास लगेंगे. कर दें?" मी "थोड्या वेळाने कळवतो" एवढेच म्हणालो. ही रक्कम योग्य की अवाजवी, हे ठरवण्याचे कोणतेही साधन माझ्यापाशी नव्हते. इतकी वर्षे शल्यकर्म करणारा मी त्या क्षणी पूर्णतः अजाण रुग्ण झालो होतो.

टायमिंग बेल्ट म्हणजे दाते असलेला रबरी पट्टा. इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट यांची लय तो जुळवून ठेवतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक. अनेक इंजिनांत, विशेषतः डिझेल इंजिनांत, हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो, झडपा वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च पट्ट्याच्या कित्येक पट होतो. तुटण्याआधी तो बहुधा कसलीही पूर्वसूचना देत नाही, आणि झाकणाआड असल्यामुळे मालकाला दिसतही नाही. म्हणूनच तो ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बदलायचा असतो. कारण गाडी उभी असली तरी रबराचे वय वाढतच असते.

तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नसून गरजेचा आहे. सर्व गाड्यांत असा पट्टा नसतो. पुष्कळ इंजिनांत त्या जागी साखळी असते आणि ती अशी मुदतीने बदलावी लागत नाही. बाहेरच्या बाजूला दिसणारा, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा हा तर निराळाच, आणि त्याचे काम बरेच स्वस्त. या प्रश्नाचे उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते. मी ती प्रथमच उघडली. माझ्या इंजिनात पट्टाच होता, आणि त्याची मुदत वर्षांच्या हिशेबाने केव्हाच उलटून गेली होती. निदान अचूक होते.

मग मी लेखी तपशील मागवला. पट्टा ३,१०० रुपये, टेन्शनर व आयडलर पुली ४,९००, वॉटर पंप ३,६००, कूलंट १,४००, मजुरी ५,०००, इंजेक्टर सफाई २,८००; आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २४,५४४. सप्टेंबर २०२५ पर्यंत गाडीच्या बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के कर होता, हे जुन्या पावतीशी तुलना करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दरम्यान आपल्या इंदुरातल्याच एका जुन्या मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "साढ़े नौ हज़ार, सब मिला के." क्षणभर वाटले, कार्यशाळा आपल्याला लुबाडत होती! पण त्या 'सब'मध्ये काय काय आहे, असे विचारल्यावर कळले की केवळ पट्टा आणि मजुरी. पुली जुन्याच, पंप जुनाच, पावती नाही. माझ्या इंजिनात पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो. उद्या तो पंप गळू लागला किंवा जुनी पुली अडकली, तर नवा पट्टाही जाणार आणि सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागणार. म्हणजे हे दोन आकडे एका कामाचे नव्हतेच. त्यांची तुलना करणे म्हणजे केवळ टाके घालण्याच्या खर्चाची शस्त्रक्रियेच्या खर्चाशी तुलना करण्यासारखे होते.

सर्व भाग, पक्की पावती आणि सहा महिन्यांची लेखी हमी, अशा पूर्ण कामाचे मिस्त्रींनी १६,५०० सांगितले. तिकडे कार्यशाळेला विचारले, "इंजेक्टर सफाई कशासाठी?" उत्तर आले, "नको असेल तर काढून टाकतो." एका प्रश्नासरशी जी बाब गळून पडते, ती मुळात आवश्यक नव्हती, हे उघड आहे. ती वगळता त्यांची रक्कम २१,२४० झाली. उरलेला ४,७४० रुपयांचा फरक मजुरीचा आणि सुट्या भागांवरील कंपनीच्या शिक्क्याचा. माझ्या मते या दोन्ही रकमा रास्त होत्या. अवाजवी होते ते कारणावाचून घुसडलेले २,८०० रुपये. आणि तितकेच अयोग्य होते अर्धे काम पूर्ण भासवणारे साडेनऊ हजार.

मी काम मिस्त्रींना दिले. झाकण काढल्यावर त्यांनी मला बोलावून घेतले आणि आतले तेलसील दाखवून म्हणाले, "सील सूखी है साहब, इसको मत छेड़िए." काय करू नये हे जो आपणहून सांगतो, त्याने काय करावे म्हटले तर विश्वास बसतो. काढलेले जुने भाग त्यांनी न मागता डिकीत ठेवले.

आता मूळ मुद्दा. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचे विवेचन केले, ज्यांची गरज खरोखर होती की नाही हे ग्राहकाला पैसे दिल्यानंतरही कळत नाही. त्यांचे एक उदाहरण होते अपेंडिक्स काढण्याचे. म्हणजे मिस्त्री आणि आपण एकाच पंक्तीत बसलो आहोत!

त्याच आठवड्यात हर्नियाच्या एका रुग्णाच्या मुलाने मला विचारले होते, "सर, यात जाळीचे किती धरले आहेत?" मला ते खटकले. हा घासाघीस करतो आहे, असे वाटून मी त्रोटक उत्तर दिले. माझ्या अंदाजपत्रकावर एकच ओळ होती : एकूण अंदाजे खर्च. जाळ्यांच्या किमतींत मोठे अंतर असते, हे त्याला ठाऊक असो वा नसो, विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. मी कार्यशाळेला जे विचारले आणि ज्याचा मला अभिमान वाटला, नेमके तेच त्याने मला विचारले होते.

शुल्क उपचारापूर्वी सांगावे, उपचार सुरू झाल्यावर नव्हे, असे २००२ सालच्या आपल्या व्यावसायिक आचारनियमांत म्हटले आहे. तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले. 'उघडलेच आहे तर हेही करून टाकू' हे वाक्य गॅरेजमध्ये आपल्याला जितके झोंबते, तितकेच ते रुग्णालाही झोंबते.

काही सहकारी म्हणतील, शरीर म्हणजे यंत्र नव्हे. आत काय निघेल हे कोणी सांगावे? खरे आहे. परंतु ती अनिश्चितताही एक ओळ लिहून सांगता येते : अमुक आढळल्यास अमुक इतका जास्त खर्च. अनिश्चिततेच्या नावाखाली निश्चित बाबीही झाकून ठेवणे मात्र समर्थनीय नाही.

माझ्या अंदाजपत्रकावर आता सहा ओळी असतात आणि जाळीच्या दोन पर्यायांची किंमत वेगवेगळी लिहिलेली असते. समजावून सांगण्यात दहा मिनिटे अधिक जातात. त्या मुलाची मी नंतर क्षमा मागितली. आपल्या मंडळाच्या सभासदांनी असा एक समान नमुना तयार करून आपापल्या दवाखान्यांत वापरावा, अशी माझी नम्र सूचना आहे. रुग्णाने मागण्यापूर्वी तो त्याच्या हाती पडावा, एवढेच.