रोमला गाईड लागतो, मग कार्ल्याला का नको?

परवा आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीतले काका-काकू ग्रीस-इटलीची टूर करून आले. रविवारी संध्याकाळी घरी बोलावून टीव्हीवर सगळे फोटो दाखवले. अथेन्सचं अक्रोपोलिस, रोमचं कोलोसियम, पाँपेईच्या गल्ल्या. काका फार छान बोलून गेले. "अहो, गाईड नसती ना, तर रोमच्या त्या फोरममध्ये आम्हाला नुसते पडके खांब दिसले असते. कानात यंत्र लावून त्या बाईंनी अख्खं शहर उभं केलं."

मी सहज विचारलं, "कार्ल्याचं लेणं बघितलंय ना?"

"म्हणजे काय? एकवीरा आमची कुलदेवी. दर वर्षी जातो."

"आणि देवळाला लागून लेणं आहे ते?"

"आत डोकावतो की. फोटो काढतो, निघतो."

काकांना हसायचा मला अधिकार नाही. शाळेच्या सहलीत मीही तिथे गेलो होतो. रांगेत उभं करून 'हे प्राचीन बौद्ध लेणे' एवढंच सांगितलं आणि डबे खायला बसवलं. त्या खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत आणि त्यातल्या काही खांबांचे दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही तो शब्द लागला, त्यामुळे हे नेमके कोण यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण लेख स्पष्ट आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, नावं सिंहधय, धर्म अशी इथली, आणि दान दिलं बौद्ध लेण्याला. बाहेरून आलेला माणूस इथलं नाव घेतो, इथल्या श्रद्धास्थानाला खांब देतो. 'आपले' आणि 'बाहेरचे' यावर रोज भांडणाऱ्या आपल्याला हे कुणीतरी तिथे उभं राहून सांगायला नको का?

आणि हे एकट्या कार्ल्याचं नाही. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे, चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिल्याचा आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे पूर्वीचं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी-प्रवासवर्णनात तगर, पैठण आणि कल्याण ही तिन्ही नावं येतात. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली भारतीय मूर्ती थेट पाँपेईत सापडली, म्हणजे इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात. काका पाँपेई फिरून आले, पण हा धागा त्यांना तिथेही कुणी सांगितला नाही आणि इथेही नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "आपल्याकडे बघण्यासारखं उरलंय काय?" कार्ल्याला मान वर करून बघा. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळ. रोमच्या फोरममधल्या देवळांची लाकडी छपरं कधीच गेली. कार्ल्यातल्याच एका लेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल अभिमानाने सांगतो की हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आहे. आपण मात्र पाच मिनिटांत सेल्फी काढून खाली वडापाव खायला.

फरक दगडांत नाही, सांगणाऱ्यात आहे. इटलीत गाईड व्हायला परीक्षा द्यावी लागते, परवाना लागतो. ग्रीसमध्येही रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथे तो सन्मानाचा, पोट भरणारा व्यवसाय आहे. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, त्यावर चार कोरड्या ओळी, आणि माहिती देणारा माणूस मिळाला तर नशीब.

मागणी फार मोठी नाही. एक, लेखांजवळ फलक लावा. मूळ ब्राह्मी, त्याचं देवनागरीत वाचन आणि सोप्या मराठीत अर्थ. दोन, लेण्याच्या पायथ्याच्या वेहेरगावातल्या आणि जुन्नरच्या मुला-मुलींना प्रशिक्षण देऊन परवाने द्या, दर ठरवून द्या. 2025 मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला, गर्दी वाढणारच. महाराजांच्या जन्मस्थानाबरोबर त्याच डोंगरातली लेणीही दाखवणारी माणसं आत्ताच तयार करायला हवीत. तीन, हे आपल्यासाठी. गाईडने तासाभराचे पाचशे रुपये मागितले तर घासाघीस करू नका. रोमला केली नव्हती.

परदेशी टूरवर जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. जरूर जा. काकाही पुढच्या महिन्यात पुन्हा एकवीरेला निघालेत. या वेळी मलाही गाडीत घेणार आहेत. देवीचं दर्शन झालं की तासभर लेण्यात बसायचं ठरलंय. गाईड मिळाला नाही तर शिलालेखांच्या वाचनाच्या झेरॉक्स माझ्या पिशवीत आहेत. तुमच्या ओळखीत कार्ल्याला किंवा जुन्नरला नीट माहिती सांगणारं कुणी असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. बऱ्याच जणांना उपयोग होईल.