सौरघटातील पूरक द्रव्ये आणि शेतकऱ्याचे हित

पेरोव्स्काईट नावाच्या नव्या सौरघटांचा हल्ली बराच गाजावाजा होत आहे. आजची सिलिकॉनची पॅनेले लवकरच मागे पडणार असे ऐकून सौरपंपाचा अर्ज लांबणीवर टाकावा, असे एखाद्या शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यात त्याचे हित नाही.

हे घट करण्याची रीत मात्र समजून घेण्याजोगी आहे. शिसे, आयोडीन इत्यादींच्या संयुगांचा द्राव करून काचेवर त्याचा थर देतात. हा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असतो. नखाएवढ्या तुकड्यावर तो एकसारखा बसतो. परंतु मोठ्या काचेवर पात्याने वेगात ओढू लागले की द्राव कोठे साचतो, कोठे आटतो आणि थरात छिद्रे राहतात. घाईने केलेल्या सारवणाची जी गत, तीच याची.

कोबीच्या किंवा कांद्याच्या मेणचट पातीवर फवाऱ्याचा थेंब ठरत नाही, म्हणून शेतकरी औषधात स्टिकर मिसळतो. संशोधकांनी हेच केले. २०१८ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने द्रावात दहा लाख भागांस सुमारे २० भाग लेसिथिन घातले व ताशी १८० मीटर वेगाने सलग थर ओढून दाखविला. लेसिथिन सोयाबीनच्या तेलातूनही निघते. (मात्रा इतकी अल्प, की सोयाबीनच्या भावावर परिणाम होण्याची आशा कोणी धरू नये.) डायमेथिल सल्फॉक्साइडसारखी दुसरी द्रव्ये स्फटिक बनण्याची घाई रोखतात. सावकाश निवू दिलेल्या पाकात खडीसाखरेचे खडे मोठे धरतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

या उपायांनी व इतर सुधारणांनी प्रयोगशाळेतील लहान घटांची कार्यक्षमता २००९ मधील ३.८ टक्क्यांवरून २०२४ पर्यंत २६ टक्क्यांवर गेली. हे यश मोठे आहे. तथापि पंपाच्या पॅनेलांना शेताचा एखादा कोपरा पुरतो. तेथे दोन-चार टक्के अधिक विजेपेक्षा पॅनेल किती वर्षे टिकते याला महत्त्व आहे. सिलिकॉनच्या पॅनेलास सामान्यतः २५ वर्षांची उत्पादनहमी मिळते. पेरोव्स्काईटचा थर ओल, उष्णता व प्रखर ऊन यांनी बिघडतो. पूरक द्रव्यांनी ही खोड कमी होते, नाहीशी होत नाही. आणि विदर्भातील वैशाख व कोकणातील आषाढ प्रयोगशाळेहून कठोर आहेत.

दुसरा प्रश्न शिशाचा. एका चौरस मीटर थरात ते साधारण ग्रॅमभर असते. सिलिकॉनच्या पॅनेलातही डाखात थोडे शिसे असते, हे खरे. परंतु पेरोव्स्काईटमधील शिसे पाणी शिरल्यास विरघळू शकते. गारपिटीत फुटलेले पॅनेल बांधावर पडून राहिले तर ते मातीत उतरेल. म्हणून असे पॅनेल शेतात येण्यापूर्वी, फुटके पॅनेल उचलून नेण्याची जबाबदारी उत्पादकावर लेखी घातली गेली पाहिजे. याबाबत शासनाने विलंब करू नये.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठरविण्यात आला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गरजू शेतकऱ्यास नव्या घटाची वाट पाहत न ठेवता अर्ज भरण्यास साहाय्य करावे. उद्या कोणी पेरोव्स्काईटचे पॅनेल विकावयास गावात आला, तर त्यास किती वर्षांची हमी, ती कोण पाळणार आणि फुटके पॅनेल कोण नेणार, हे तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत.