जमाखर्च : इंजिनाची गाळणी



मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. हिंगणघाटचा माझा भाचा वर्ध्याला घरी आला. कापूस, सरकी आणि ढेप यांचा त्याचा व्यापार. दोन वर्षांपूर्वी त्याने बँकेच्या कर्जावर डिझेलची एक मालवाहू पिकअप घेतली. तेव्हा कर्जाची कागदपत्रे मीच तपासून दिली होती, त्यामुळे गाडीवरचा कोणताही मोठा खर्च तो मला विचारून करतो. त्या दिवशी त्याच्या हाती एका दुकानाचे साडेसहा हजार रुपयांचे अंदाजपत्रक होते.

"मामाजी, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून त्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर बसवायचा आहे. इंजिनाला हवा मोकळी मिळेल, गाडीची ओढ वाढेल आणि ॲव्हरेजही. शिवाय हा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, दरवेळी नवा घ्यायला नको."

मी चष्मा लावून आकडे मांडले. गाडी रोज शंभर किलोमीटर धावते. बाराचे ॲव्हरेज तेरा झाले तर दिवसाला सुमारे ०.६४ लिटर डिझेल वाचेल. नव्वद रुपयांच्या आसपासच्या भावाने हा खर्च एकशे दहा-पंधरा फेऱ्यांत भरून निघेल. गणित बिनचूक होते. मी म्हणालो, "माझी हरकत नाही."

वाचकहो, उभी नोकरी कर्जप्रस्ताव तपासण्यात घालवलेल्या माणसाकडून येथे चूक झाली. बाराचे तेरा होतील हे गृहीत कोणी मोजून पाहिले आहे का, हा प्रश्न मी विचारलाच नाही. प्रस्तावातील बेरीज तपासली, गृहीतक तपासले नाही.

पुढे कापसाचा हंगाम सुरू झाला. गावोगावच्या मुरमाच्या आणि काळ्या मातीच्या रस्त्यांवरून गाडी फिरू लागली. जिनिंगच्या आवारात तासन्‌तास इंजिन सुरू ठेवून रांगेत उभी राहू लागली. फेब्रुवारीत ड्रायव्हरने सांगितले की इंजिन ऑइलची पातळी वारंवार खाली जाते. पुन्हा एकदा त्याने सांगितले की चढावर निळसर धूर दिसतो. हंगामाच्या धामधुमीत त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मार्चमध्ये गाडी रस्त्यातच बसली. गॅरेजमध्ये इंजिन उघडले तेव्हा टर्बोची पाती झिजलेली आणि सिलिंडरच्या आतील भिंतीवर ओरखडे दिसले. दुरुस्तीचे बिल झाले सत्त्याऐंशी हजार. गाडी एकोणीस दिवस उभी राहिली. तेवढे दिवस माल भाड्याच्या गाडीने न्यावा लागला आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला द्यावा लागला.

गॅरेजच्या वयस्क मिस्त्रींनी आम्हा दोघांना जुना फिल्टर दाखवला. हंगामात तो दोनदा धुतला होता, पण धुतल्यावर त्याला जे विशिष्ट तेल मोजून लावावे लागते ते लावलेच नव्हते. फिल्टर आणि नळी यांमधील क्लॅम्पही सैल होता. नळीच्या आतून त्यांनी बोट फिरवले तेव्हा बोटाला पिठासारखी बारीक माती लागली. "साहेब, फिल्टरच्या पुढे धूळ असायची. इथे मागे आहे," एवढेच ते म्हणाले.

त्या दिवसापासून या विषयाचा मी थोडा अभ्यास केला. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात पिकअप, ट्रक वा ट्रॅक्टर असल्याने तो येथे मांडतो.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी साधारण साडेचौदा किलो हवा लागते. लिटरभर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक लिटरमागे किमान १२ किलो, आकारमानाने सुमारे १०,००० लिटर हवा इंजिन ओढते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहूनही अधिक हवा घेऊन चालते. शंभर किलोमीटरच्या फेऱ्यात आठ लिटर डिझेल जळते असे धरले, तर निदान ऐंशी हजार लिटर हवा त्या एका नळीतून आत जाते. आपल्या घरांत पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय माठात पडत नाही. ही ऐंशी हजार लिटर हवा कशातून गाळली जाते, हे मात्र आपण पाहत नाही.

धुळीचे जे कण डोळ्यांना दिसतात त्यांचे भय कमी, कारण ते सहज अडतात. घात करतात ते काही मायक्रॉनचे कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांमध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, त्याच्याच जाडीचे हे कण असतात. ते त्या थरात शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे धातू घासत राहतात. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. त्या वेगाला आदळणारी माती पात्यांची धार खाऊन टाकते.

आता ओढ वाढण्याच्या दाव्याकडे वळू. पेट्रोलच्या गाडीत पाय दाबला की मुख्यतः हवेची झडप उघडते. डिझेल इंजिनाची शक्ती मुळात ठरते ती आत फवारल्या जाणाऱ्या इंधनाच्या मापावर. आजच्या गाड्यांत हे माप गाडीचा संगणक ठरवतो. कंपनीने दिलेला स्वच्छ फिल्टर त्या मापाला पुरेल एवढी हवा देतच असतो. इंधन तेवढेच ठेवून हवेची वाट रुंद केली तर टर्बोची शिट्टी मोठी ऐकू येते, आणि चालवणाऱ्याला वाटते की गाडी धावू लागली. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंधन-फवारणीच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांवर मोजणी केली. त्या गाड्यांत फिल्टर पुरता तुंबवूनही ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, कारण संगणक हवेनुसार इंधनाचे माप सांभाळून घेतो. फरक पडला तो वेग घेण्यात. डिझेल गाडीचे गणित हुबेहूब तसे नसले, तरी केवळ फिल्टर बदलून लिटरमागे किलोमीटर वाढेल असे कोणी सांगितले तर मोजणी मागावी, हा धडा त्यातून घ्यावा.

उलट उघड्या शंकूत एक हमखास तोटा आहे. व्यापारी कापूस घेताना ढिगाच्या आकाराकडे पाहत नाही, वजन आणि ओलावा पाहतो. इंजिनही हवा आकाराने नव्हे, वजनाने मोजते. हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता सुमारे एका टक्क्याने घटते. कंपनीच्या डब्याला जोडलेली नळी बॉनेटच्या कडेने बाहेरची थंड हवा घेते. उघडा शंकू बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनाशेजारी बसतो. वर्ध्याच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखालची हवा आणखी वीस अंशांनी तापली, तर त्याच आकारमानात सहा टक्के हवा कमी मिळाली. मोकळ्या श्वासाच्या नावाखाली आपण हलका माल विकत घेतला.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर भाच्याच्या वहीत तो साडेसहा हजारांचा खर्च भांडवली म्हणून, मालमत्तेची उत्पादनक्षमता वाढवणारा म्हणून नोंदवला गेला. कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणे हा महसुली खर्च, आणि तो 'वाचवला' म्हणून आम्ही खूश झालो. क्षमता वाढलीच नाही. वाढले ते दायित्व, आणि ते मार्च महिन्यात देय झाले.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. जुना फिल्टर काढून तसाच नवा घालणे ही निव्वळ देखभाल होय. परंतु जादा हवेसोबत जादा इंधन मिळावे म्हणून संगणकाची मांडणी बदलणे, किंवा १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ मानकाच्या गाडीतील धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढणे, ही वाट अडचणीत नेणारी आहे. गाडी बँकेकडे नजरगहाण असेल तर कर्जकरार वाचावा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी सर्वेअरच्या डोळ्यांत येतो. वॉरंटीचेही तेच.

मग हवेच्या मार्गात सुधारणा करूच नये काय? अवश्य करावी, पण हवा वाढवण्याऐवजी हवा राखण्याची. मिस्त्रींनी सांगितलेल्या आणि मी पडताळून पाहिलेल्या गोष्टी अशा :

१. कंपनीचा डबा, त्याचे झाकण, रबरी सील आणि पुढची नळी शाबूत ठेवावी. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा प्रत्येक क्लॅम्प हंगामापूर्वी आणि हंगामाच्या मध्यावर हाताने तपासावा. तेथील एक फट चांगल्यात चांगला फिल्टर निरुपयोगी करते.

२. कागदी फिल्टर अस्सल घ्यावा. पुस्तिकेत धुळीच्या भागासाठी बदलण्याचा कालावधी वेगळा, कमी दिलेला असतो. आपल्या जिल्ह्यातील मालगाडीने तोच पाळावा.

३. फिल्टरवर कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नये. कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात. फिल्टर रोज उघडणेही अहितकारक, कारण दर वेळी थोडी धूळ आत सांडते.

४. शेतात वा जिनिंगच्या आवारात सतत राबणाऱ्या वाहनाला उत्पादकाने मान्य केलेला प्री-क्लीनर बसवता येत असेल तर बसवावा. ट्रॅक्टरच्या नळीच्या टोकाशी असलेला तो वाटीसारखा भाग हवेला गरगर फिरवून जाड धूळ आधीच बाजूला टाकतो. मोठ्या वाहनांत मुख्य फिल्टरच्या आत दुसरा, सुरक्षा फिल्टर असतो. तो काढून ठेवण्याचा मोह टाळावा.

५. रुईचे तंतू रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीवर चिकटून गोधडीसारखा थर बनवतात. इंटरकूलरचे काम टर्बोने तापवलेली हवा थंड करण्याचे. ती जाळी आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करावी. एक पैसाही न खर्चता गाडीची हरवलेली ओढ येथे परत मिळते.

६. ऑइल किती घातले, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, याची एक छोटी वही गाडीतच ठेवावी आणि ती ड्रायव्हरने लिहावी. आमच्या ड्रायव्हरचे फेब्रुवारीतील बोलणे कागदावर उतरले असते, तर बिल पाच-दहा हजारांत आटोपले असते.

भाच्याने गाडीला पुन्हा कंपनीचा डबा बसवला आहे. वही सुरू झाली आहे. मागच्या आठवड्यात मी हिंगणघाटला गेलो असता त्याच्या गोदामात कापूस उतरवणे चालले होते. हमाल मंडळींनी नाकातोंडाला गमछे बांधले होते आणि उन्हाच्या तिरिपेत रुईचे तंतू तरंगताना स्पष्ट दिसत होते. भाचा बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामाजी, गाडीच्या फिल्टरसाठी एवढा हिशेब केला. यांच्यासाठी कधी केलाच नाही."

कापसाच्या धुळीने वर्षानुवर्षांनी जडणारा फुप्फुसांचा विकार वैद्यकाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. त्याला बिसिनोसिस म्हणतात. गोदामाच्या मागच्या भिंतीला हवा बाहेर फेकणारे दोन पंखे आणि प्रत्येकाला चांगले मास्क, एवढा खर्च भाच्याने त्याच संध्याकाळी काढला. तो कोणत्या खात्यात लिहायचा, असे त्याने मला विचारले. मी सांगितले, आधी पंखे बसव, खाते मग शोधू.