ॲप हिरवं होतं, गाडी बुडालेली होती

२०२२ च्या मे महिन्यात माझ्या मामेभावाने मला एका गाडीचा नंबर पाठवला. दहा वर्षांची डिझेल हॅचबॅक, किंमत दोन लाख चाळीस हजार, रोख. मुमानींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खेडहून चिपळूणला न्यावं लागायचं आणि एसटी-रिक्षात त्यांचे फार हाल व्हायचे. ‘भाईजान, तू इंजिनिअर आहेस, एकदा बघ,’ एवढंच त्याने लिहिलं होतं. मी पुण्यात ऑफिसात बसून परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला. नोंदणी चालू, विमा चालू, पीयूसी चालू, कर्जाचा बोजा नाही, फिटनेस २०२७ पर्यंत. दोन मिनिटांत मी उत्तर पाठवलं : घे.

ऑगस्टमध्ये परशुराम घाटात, रात्री आठच्या सुमारास, भर पावसात त्या गाडीचे दिवे आणि वायपर एकदम बंद पडले. मागच्या सीटवर मुमानी होत्या. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून आज मी हे रागाने लिहितो आहे, नाहीतर शोकाने लिहावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने खालचं कार्पेट उचललं तर त्याखाली वाळलेला गाळ. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर. गाडी पुरात बुडालेली होती. नंबर सांगलीचा होता. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं नाही, कारण ॲपवर सगळं हिरवं होतं.

ते हिरवं म्हणजे नेमकं काय, हे मी नंतर शिकलो. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं चालते. टॅक्सी, ट्रक, स्कूलबस यांना फिटनेसची तपासणी आहे : पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, नंतर दरवर्षी. तुमच्या-माझ्या कारला पंधरा वर्षं काहीच नाही. ॲपवर दिसणारी ‘फिटनेस २०२७’ ही तारीख म्हणजे फक्त २०१२ अधिक पंधरा. त्या काळात कोणत्याही अधिकाऱ्याने त्या गाडीचे ब्रेक पाहिलेले नसतात. पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला गेलात की तपासणी होते, आणि त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झाली. फी वाढवताना सरकारला जुन्या गाडीचा धोका बरोबर आठवतो. नवव्या, अकराव्या वर्षी ती गाडी विकत घेणाऱ्या माणसाचा धोका मात्र कोणाच्या हिशेबात नाही.

उरते पीयूसी. ती फक्त धूर मोजते. ब्रेक, स्टीअरिंग, टायर, गंजलेली चासी यांच्याशी तिचा काही संबंध नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी दीड वर्ष बर्मिंगहॅमला होतो. तिथे एका सहकाऱ्याने जुनी कार घेतली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. त्याने सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला आणि त्या गाडीची कुंडलीच समोर आली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तीन वर्षांहून जुन्या कारला दरवर्षी एमओटी नावाची चाचणी द्यावी लागते. कोणत्या वर्षी पास, कोणत्या वर्षी नापास, नापास का, पुढे काय बिघडण्याची चिन्हं आहेत, आणि प्रत्येक चाचणीच्या दिवशी मीटरवर किती मैल होते, हे सगळं २००५ पासूनचं, फुकट, कोणालाही दिसतं. मीटर मागे फिरवला तर पुढच्याच नोंदीत चोरी पकडली जाते. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ज्या आकड्याचा लॉग नाही, तो आकडा कोणीही बदलू शकतो. आपल्याकडे गाडीचा मीटर हा तसाच आकडा आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘ते श्रीमंत देश आहेत. इथे तपासणी आणली तर एजंटांची चांदी होईल आणि गरीब भरडला जाईल.’ ही भीती खोटी नाही. पण तपासणी नसताना कोण भरडला जातो? शोरूममधून नवी गाडी घेणारा नाही. दहा वर्षांची गाडी भिशीच्या पैशांतून घेणारा भरडला जातो. शिवाय पहिली पायरी अजिबात महाग नाही. पीयूसी केंद्रात आजही गाडीचा नंबर प्लेटसकट फोटो काढून सरकारी प्रणालीत चढवतात. त्याच वेळी मीटरचा एक फोटो काढा आणि तो आकडा नंबरवर दाखवा. बुडालेल्या, ठोकलेल्या गाड्यांचे ‘टोटल लॉस’ दावे विमा कंपन्यांकडे नोंदलेले असतातच. मालकाचं नाव झाका, पण ‘या गाडीचा असा दावा झाला होता’ एवढी एक ओळ खरेदीदाराला दिसू द्या. आणि खासगी गाडीची सुरक्षा तपासणी पंधराव्या वर्षाची वाट न पाहता आधीच सुरू करा, निकाल उघडा ठेवा. निकाल सगळ्यांना दिसणार असेल तर खोटं प्रमाणपत्र देणारं केंद्रही लपत नाही.

आता आपल्याविषयी. विकणारे चाचा ओळखीतले होते. ‘एकहाती, डॉक्टरची गाडी, खुदा की कसम काही काम निघणार नाही,’ असं ते म्हणाले, आणि विषय संपला. कसम घातल्यावर कागद मागणं आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. गंमत बघा, २०१९-२० च्या हिवाळ्यात याच घरांनी आजोबांच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करायला तहसीलच्या दहा चकरा मारल्या होत्या. कागदाची किंमत आपल्याला कळत नाही असं कोण म्हणेल? पण आपसातला व्यवहार आला की आपण ती विसरतो. आणखी एक गोष्ट. व्याज नको म्हणून आपल्यातले अनेक जण गाडी रोखीने घेतात. तो त्यांचा निर्णय आहे. पण बँक कर्ज देताना आपला माणूस पाठवून गाडी तपासून घेते. रोखीच्या व्यवहारात तो दुसरा डोळा नसतो, म्हणून तो आपणच आणायला हवा.

कायदा बदलेपर्यंत मी आता प्रत्येकाला हेच सांगतो. मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. आमच्या गाडीचा २०२० पर्यंत पूर्ण विमा होता, २०२१ नंतर फक्त थर्ड पार्टी. हे मी आधी पाहिलं असतं तर तिथेच थांबलो असतो. पूर्ण विमा असेल आणि मालक तोच असूनही नो क्लेम बोनस एकदम शून्य झाला असेल, तर दावा कशाचा होता ते विचारा. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा आणि किलोमीटर चढत जातात का पाहा. आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, पाण्याची रेषा तिथे सापडते. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. गाडीत अत्तराचा फार घमघमाट असेल तर कार्पेट उचला. आणि विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन गाडी लिफ्टवर चढवा. यातल्या कशालाही विकणारा नको म्हणाला, तर सलाम करून घरी या.

त्या गाडीचं पुढे काय झालं? एका दलालाने मामेभावाला सांगितलं, ‘वायरिंग करून घे, दोन लाखांना काढून देतो, पुराचं बोलू नकोस.’ गिऱ्हाईकही तयार होतं, शेजारच्या गावातलं, ओळखीचंच. मामेभावाच्या डोक्यावर तेव्हा भिशीचे हप्ते होते. त्याने गाडी भंगारात पंचेचाळीस हजारांना दिली, आणि जवळपास दोन लाखांचा फटका एकट्याने सोसला.

मला त्याचा अभिमान आहे, पण असा प्रामाणिकपणा गरीब खरेदीदारालाच का परवडवून घ्यावा लागावा? सांगलीहून मुंब्र्याला आणि तिथून खेडला येईपर्यंत ती गाडी ज्यांच्या हातांतून गेली, त्यांतल्या कोणीतरी ते एक वाक्य आधीच बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत, कारण कुठे नोंद नव्हती. ती नोंद मागणं हा आपला हक्क आहे. आणि तुम्ही गाडी विकणार असाल, तर सगळ्या कागदांची फाईल गिऱ्हाईकाने मागण्याआधी त्याच्या हातात द्या.