डावीकडे उर्दू, उजवीकडे मराठी

माझ्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत आणि ते एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. एक १७ इंची, चौकोनी, एका सहकाऱ्याने नवा घेतला तेव्हा मला देऊन टाकलेला. दुसरा २४ इंची, लांबट, लॉकडाऊनमध्ये हप्त्यांवर घेतलेला. भाचा आला की नाक मुरडतो. "मामू, ये क्या जुगाड है? दोनों एक जैसे लो ना."

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो. मराठी शब्दापुढे उर्दू अर्थ, असे स्वाध्याय रात्री घरी तयार करतो. एकाच पडद्यावर दोन्ही लिप्या कोंबायचो तेव्हा नस्तालीकची पार दैना व्हायची. ही लिपी उजवीकडून तिरकी खाली उतरते. अक्षर बारीक केले की नुक्ते एकमेकांत मिसळतात, 'बे' की 'पे' कळत नाही. अशाच एका रात्री 'पाणी'पुढे 'पानी'ऐवजी 'बानी' छापले गेले, म्हणजे संस्थापक! वर्ग हसला. दोघा-तिघांनी मात्र सरांनी दिलंय म्हणून वहीत तसेच उतरवले. ते मला जास्त लागले.

म्हणून जुना मॉनिटर जोडला. त्याला फक्त व्हीजीए, संगणकाला एचडीएमआय. मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागला, एवढेच.

उर्दू उजवीकडून सुरू होते म्हणून आधी ती उजव्या पडद्यावर ठेवली. फसलो. मराठीची ओळ टेबलाच्या डाव्या टोकाला सुरू व्हायची, उर्दूची उजव्या टोकाला, आणि मान लंबकासारखी हलत राहायची. अदलाबदल केली, तर दोन्ही ओळी मधूनच, शेजारी शेजारी सुरू होऊ लागल्या.

मॉनिटर जुळलेच पाहिजेत, हे मला पटत नाही. जुळायला हवा तो अक्षरांचा आकार. माझ्या जुन्यावर १२८० बाय १०२४ ठिपके, म्हणजे इंचाला सुमारे ९६. नव्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे ९२. दिसायला बेजोड, पण अक्षर जवळपास एकाच मापाचे. उलट भाच्याचा १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉप शेजारी लावला तर इंचाला १४१ ठिपके, अक्षरे मुंग्यांएवढी. मग त्याचे स्केलिंग १५० टक्के करावे लागते.

बाकी किरकोळ. सेटिंगमध्ये दोन्ही पडद्यांच्या चौकटी नीट ओढून लावल्या नाहीत तर माउस काठावर अडतो. उंची जुळवायला जुन्याखाली लाकडी पाट ठेवलाय. पुस्तके ठेवायला मन धजावले नाही. रंग पिवळट दिसतो, पण मजकुराला काय फरक पडतो? फोटोचे काम करणाऱ्यांनी मात्र खुशाल जोडी घ्यावी.

जुना हल्ली सुरू केल्यावर पाच मिनिटांनी पुरता उजळतो. गेला तर पुन्हा चौकोनीच शोधणार आहे. भाच्याला अजून सांगितलेले नाही.