तुझ्या जवळच एखादं हॉटेल बघ

सोलापूरहून मावशीचा फोन. "चार दिवस येतोय गं. काकांचे डोळे दाखवायचेत, एरंडवण्यात. मग तुळशीबाग, दगडूशेठ. घरी नको, तुम्हाला उगाच त्रास. तुझ्या जवळच एखादं हॉटेल बघ."

यातला 'जवळच' हा शब्द घात करतो. पूर्वी गावात नातेवाईक असताना लॉजवर उतरलं, की वर्षभर बोलणं बंद व्हायचं. आता टू बीएचकेत पाहुणेही अवघडतात आणि आपणही. मग मधला मार्ग निघतो : झोपायला हॉटेल, पण भाचीच्या सोसायटीशेजारी. म्हणजे हाताशी ना घरचा चहा, ना शहर.

मी बावधनला राहते. (वाईजवळचं, बगाडाचं बावधन वेगळं. एका पाहुण्यानं नकाशात तेच शोधून "पुण्यापासून फारच लांब राहता" असं कळवलं होतं.) आमचं बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. तरी भाजी घ्यायला मंडईकडे निघालेल्या शेजारीण आजी अजून "पुण्यात जाऊन येते" असंच म्हणतात, आणि मला ते बरोबर वाटतं. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलाचं उद्घाटन झालं. गाड्यांची सोय झाली. पण नवख्या रिक्षावाल्यानं चुकीचा रॅम्प धरला, की कोथरूडला निघालेला माणूस वारज्याची वाट धरतो. महामार्गालगत खोली घेतली तर रात्रभर ट्रक सोबतीला.

बावधन वाईट नाही. पहाटे मुंबई गाठायची असेल, ताम्हिणीला जायचं असेल, एनडीएत कुणाला भेटायचं असेल, तर इथेच उतरावं. पण काकांना सकाळी नऊला एरंडवण्यात पोचायचं होतं. माझं मत असं, की मुक्काम आपल्या सकाळच्या कामाजवळ करावा. नातेवाइकाला संध्याकाळी भेटता येतं. लोकमान्य टिळकांना मुंबईत घरोघरी पंगत मिळाली असती. ते उतरायचे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, म्हणजे एका लॉजमध्ये. १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस तर मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलेलं. खाली रस्ता, पलीकडे तुळशीबाग. जागा शोधणाऱ्या त्या जुन्या लोकांना हे नकाशाशिवाय कळत होतं.

मी मावशीला डेक्कन सांगितलं. पुणे स्टेशनला उतरायचं, तिथूनच मेट्रो धरायची, सरळ डेक्कन जिमखाना, गाडी बदलायची नाही. एरंडवण्यासाठी पुढे नळ स्टॉप. फोटोत पोहण्याचा तलाव नसला तरी चालेल. लिफ्ट आहे का आणि सकाळी सातला चहा मिळतो का, हे मात्र फोन करून विचार.

"म्हणजे आम्ही तुझ्या जवळ नकोच," मावशी म्हणाली. पुढचं सगळं तिनं ऐकलंच नसावं. संध्याकाळी आईचा फोन आला, तिला सोलापूरहून आधीच गेला होता. शेवटी मावशीनं डेक्कनला खोली घेतली, पण रागानं.

दवाखाना झाला, तुळशीबाग दोनदा झाली. तिसऱ्या दिवशी मेट्रोनं वनाझपर्यंत आणि पुढे रिक्षानं दोघं जेवायला आमच्याकडे आली. वनाझ ते चांदणी चौक या वाढीव मार्गाला केंद्रानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, हे मी रिक्षाचे पैसे देता देता काकांना सांगितलं. "मंजुरीत बसून येता येत नाही," काका म्हणाले.

जेवण, पान, जुने फोटो. साडेदहा वाजले. दोन रिक्षावाल्यांनी ॲपवर हो म्हणून परत नाही म्हटलं. मावशीनं घड्याळाकडे बघितलं, मग दिवाणाखालच्या गादीकडे.

डेक्कनची भाडं भरलेली खोली त्या रात्री रिकामी राहिली. काकांच्या डोळ्यांत घालायचे थेंबही तिथेच होते. सकाळी सहाला ते आणायला मी गेले. रस्ता मोकळा होता, वीस मिनिटांत पोचले. हे मी मावशीला सांगितलेलं नाही.